डेटाबेसची मालकी ‘एसए’कडे का दिली नाही

चाकणच्या गोदामातून फोन आला: चलनं निघत नाहीत, गाड्या भरून उभ्या आहेत. ॲप चालू, सर्व्हर चालू, डिस्कवर जागा भरपूर. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एरर लॉगमध्ये मात्र १५४०४ क्रमांकाच्या एररची रांग लागली होती: अमुक विंडोज युजरची माहिती मिळत नाही. हा युजर म्हणजे नोकरी सोडून गेलेला आमचा सहकारी. डेटाबेस त्याने रिस्टोर केला होता, म्हणून मालकीही त्याच्याच नावावर राहिली. आदल्या संध्याकाळी त्याचं खातं डोमेनमधून, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून, काढलं आणि सर्व्हिस ब्रोकर (डेटाबेसमधली निरोपांची रांग चालवणारी सोय) अडकला. खातं काढणाऱ्यांना उगाच बोल लावला गेला. माणूस गेला की खातं जायलाच हवं.

“एसए करून टाक ना, मिनिटाभराचं काम,” कॉलवर सिनियर म्हणाले. एसए म्हणजे एसक्यूएल सर्व्हरचं सर्वाधिकारी लॉगिन; मालकी त्याच्या नावावर करा, असं त्यांचं म्हणणं.

“सर, ट्रस्टवर्दी चालू आहे. आधी टेस्ट सर्व्हरवर बघा,” मी म्हटलं.

व्हेंडरने आपल्या सीएलआर असेंब्लीसाठी (डेटाबेसच्या आत चालणारा डॉटनेट कोड) ट्रस्टवर्दी, म्हणजे सर्व्हरने या डेटाबेसवर विश्वास ठेवावा ही सेटिंग, चालू करून ठेवलं होतं, आणि त्याच्या लॉगिनला त्या डेटाबेसवर डीबी_ओनर, म्हणजे त्या डेटाबेसपुरते सगळे हक्क, होते. टेस्टवर मालक एसए केला. मग व्हेंडरच्याच लॉगिनने एक प्रोसिजर लिहिली, ‘एक्झिक्युट ॲज ओनर’ लावून, म्हणजे ती मालकाच्या हक्कांनी चालेल. आत एकच ओळ: स्वतःला सिसॅडमिन या सर्व्हरच्या सर्वाधिकारी रोलमध्ये घाला. चालवली, आणि झालं! एका डेटाबेसपुरते राइट्स असलेलं लॉगिन अख्ख्या सर्व्हरचं धनी झालं. त्याच सर्व्हरवर पगाराचा डेटाबेस आहे. कॉलवर कोणी काही बोललं नाही.

मग प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या कामाच्या सर्व्हरवर, मालकीसाठीच नवं एसक्यूएल लॉगिन काढलं. लांबलचक रँडम पासवर्ड, कुठेही न नोंदवलेला. एकही सर्व्हर रोल नाही, आणि तयार होताच डिसेबल. डिसेबल लॉगिन मालक होऊ शकतं हे डेटाबेस सांभाळणाऱ्या पुष्कळ डीबीएंना पटत नाही, पण ते चालतं. मालक बदलणारी ‘ऑल्टर ऑथरायझेशन’ कमांड दिली, रांग हलली, चलनं छापू लागली.

खरी कटकट असेंब्लीची. ट्रस्टवर्दीच्या भरवशावर ती चालायची तर मालकाकडे ‘अनसेफ असेंब्ली’ची परवानगी लागते, आणि ती या लॉगिनला द्यायची नव्हती. २०१७ च्या आवृत्तीपासून असेंब्लीचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) सर्व्हरच्या विश्वासू यादीत घालता येतो. तो घातला आणि ट्रस्टवर्दी बंद केलं. पण व्हेंडरने नवी डीएलएल, म्हणजे असेंब्लीची फाइल, दिली की हॅश बदलणार, आणि हे लोक न सांगता डीएलएल बदलतात. म्हणून असेंब्ली सर्टिफिकेटने साइन करून द्या असं त्यांना लिहिलंय. “बाकी क्लायंट ट्रस्टवर्दीच ठेवतात,” हे त्यांचं उत्तर. अशा उत्तराची मला मनापासून चीड येते.

आता वाद आहे तो बाकीच्या डेटाबेसचा. मॅनेजरना सगळ्यांना मिळून एकच मालक-लॉगिन हवंय, सांभाळायला सोपं म्हणून. मी प्रत्येकाला वेगळं मागतोय: मालक एकच असला आणि पुन्हा कोणी एकावर ट्रस्टवर्दी चालू केलं, तर तिथला डीबी_ओनर बाकी सगळ्यांत मालक म्हणून शिरेल. चेंज रिक्वेस्ट अजून मंजुरीला पडून आहे.