भुरीनं माती खाल्ली, अन थोडी मी पण

भुरी, आमचं मांजराचं पिल्लू, आम्हाला २०२४ च्या गणपतीत सापडली. परभणीत वसमत रोडला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कुटीखाली बसून नुसती बोंबलायली होती, तळहातावर मावंल एवढी. आजी म्हणाली घरात मांजर आणायचं नाही म्हणजे नाही, अन दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच वाटीत दूध-भाकर कुस्करून ठेवली. मी मात्र लई शहाणी. मोबाईलवर दहा व्हिडिओ बघितले अन ऑनलाईन पाच किलोचं लिटर मागवलं, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये टाकतात ती माती, ते ओलं झालं की गोळा होतो ना ते, वर परत लव्हेंडरच्या वासाचं. साफ करायला सोपं म्हणून.

दसरा झाल्यावरची गोष्ट. मी पोरांच्या वह्या तपासायले अन गॅलरीतून कुर्रम कुर्रम आवाज, लेकरू चुरमुरे खायल्यासारखा. जाऊन बघते तर भुरी ट्रेमध्ये बसून आरामात लिटर चावायली, सगळं तोंड राखाडी. मी तिला उचललं, तोंड पुसलं, अन पिल्लू आहे, पिल्लं सगळंच तोंडात घालतात म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ट्रे साफ करायला मी ट्रेपाशी बसले तर ही माझ्या हाताखालून येऊन खायली, म्हणजे खेळ नव्हता तो, भूक लागल्यासारखं खाणं होतं.

आजी दारात उभी राहून म्हणाली, "रक्त कमी असंल गं तिला. पोटुशी बाई माती खाती, लेकरं भिंत चाटतेत, तसंच हाय हे." मी हसले. आजी, ते माणसाचं असतं, मांजराचं वेगळं असतं. हे वाक्य मला पुढं महिनाभर घरात ऐकवलं गेलं.

रविवारी संध्याकाळी तिनं ओकारी केली. फरशीवर राखाडी लगदा, अन पोछा मारला तर तो निघायच्या ऐवजी पसरायला लागला, चिकट, मेणासारखा. तेव्हा माझ्या डोक्यात लाईट लागली. चमचाभर लिटर वाटीत घेतलं, वर पाणी ओतलं अन ठेवलं. रात्री बघते तर फुगून असा घट्ट गोळा झालेला की त्यात चमचा सरळ उभा राहायला लागला. त्या दिवशी मामा मानवतहून आलेले होते, त्यांनी बोटानं दाबून बघितलं अन म्हणाले, "अगं ही तर आपली काळी मातीच की, फक्त पांढरी." अन खरंच, नंतर वाचलं तर या लिटरला बेंटोनाईट म्हणतात, आपल्याकडं कच्छ, बाडमेर तिकडून निघतं, अन त्यात जे फुगणारं खनिज असतं ते मॉन्टमोरिलोनाईट, आपल्या काळ्या रानातबी तेच असतंय. म्हणूनच रान पावसात फुगतं, चपलेला दोन-दोन किलोचे गोळे लागतात, अन उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. आता हे पिल्लाच्या बोटाएवढ्या आतड्यात फुगलं तर काय होईल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

रात्री नऊला फोनाफोनी. एका ठिकाणी सांगितलं थोडं दूध पाजा, निघून जाईल. शेजारच्या काकू एरंडेल घेऊन आल्या, चांगल्या मनानं. मी घाबरून दोन्हीतलं काहीच केलं नाही, अन ते बरं झालं. डॉक्टर नंतर म्हणाले की जबरदस्तीनं तेल पाजलं की ते मांजराच्या फुफ्फुसात जाऊ शकतं अन मग न्यूमोनिया. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची पण नाही. दुधानं तर पुष्कळ मांजरांना जुलाब लागतात, आजीची दूध-भाकर तिथंच बंद झाली. त्या रात्री मी एवढंच केलं, ट्रे रिकामा करून धुतला अन त्यात जुने पेपर फाडून टाकले, पाणी ठेवलं, अन किती वाजता काय ओकली, काय खाल्लं, शी झाली का, हे कागदावर लिहीत बसले. शी झालीच नाही.

सकाळी भाजीच्या टोपलीत तिला बसवलं, वरून ओढणी बांधली अन पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात. परभणीत हे कॉलेज आहे हे आपलं नशीब म्हणायचं. रांगेत एक म्हैस, तीन शेळ्या, कानाला जखम झालेलं कुत्रं, अन माझ्या टोपलीतून येणारा म्यांव. शेळीवाले आजोबा म्हणाले, "मांजरीसाठी एवढ्या सकाळी?" मी म्हणलं हो बाबा.

डॉक्टरांनी पहिलं काय केलं तर तिचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला. "ताई, हे बघा." हिरड्या पांढऱ्याफटक, चुना लावल्यासारख्या. गुलाबी पाहिजेत. मी दीड महिना हिला कुरवाळायले, पण तोंडात कधी बघितलंच नव्हतं. मग त्यांनी टेबलावर ओला टिश्यू ठेवला अन तिच्या पाठीवरून बारीक फणी फिरवली. टिश्यूवर मिरपुडीसारखे काळे कण पडले, अन बघता बघता त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरायला लागले. मला वाटलेलं पार्किंगमधली घाण असंल. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे हिचंच पचलेलं रक्त. वजन ८०० ग्रॅम, डॉक्टर म्हणाले एवढ्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून साधारण ५० मिली रक्त असतं. कटिंग चहा तरी जास्त असतो. त्यातून शेकडो पिसवा रोज पिणार. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं पण चिकटलेलं होतं, तो पट्टकृमी, म्हणजे पोटातला चपटा जंत, चाटताना पिसू गिळली की होतो. हिमोग्लोबिन आलं साडेपाच, मांजराला आठच्या वर पाहिजे. अन रक्त कमी झालं की मांजर लिटर चाटतं, खातं, हे त्यांच्या रोजच्या बघण्यातलं.

म्हणजे आजी बरोबर होती. मी फोन करून सांगितलं तर पलीकडून फक्त "हं" आला.

एक्स-रेमध्ये आतड्यात पांढरे ठिपके दिसले, खनिज असल्यामुळं दिसतं म्हणे, पण एका जागी अडकलेलं नव्हतं. पोट दाबून बघितलं, मऊ होतं. त्यामुळं ऑपरेशन नाही, कातडीखाली सलाईन दिलं (पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा फुगा आलेला, तासाभरात जिरला) अन २४ तास बघायचं सांगितलं. परत परत उलटी, पोट फुगणं, काहीच न खाणं, ट्रेमध्ये बसून नुसतं कुंथणं, यातलं एक जरी दिसलं तरी तसंच उठून यायचं. जंताची गोळी अन रक्ताचं औषध वजनावर मोजून दिलं. पिसवांचा स्प्रे त्यांनी स्वतः ग्लोव्हजवर घेऊन अंगाला चोळला.

इथं मी पर्समधून पुडी काढली. आठवडाभर आधी ती खाजवायली म्हणून मी एका दुकानातून पिसवांचं औषध आणलेलं, दुकानदार म्हणाला कुत्र्याचं आहे पण मांजराला अर्धं टाका. आळसानं टाकायचं राहिलं होतं. डॉक्टरांनी मागचं बारीक अक्षर वाचलं, परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक. कुत्र्याला चालतं, मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही, झटके येतात, जीव जातो. आयुष्यात पहिल्यांदा आळसानं माझं काही भलं केलं.

मंगळवारी पहाटे साडेपाचला पेपरच्या तुकड्यांत शी झाली. सिमेंटच्या खड्यासारखी, राखाडी, पण झाली. मी आजीला उठवून दाखवली. बघा म्हणजे माणूस कुठल्या थराला जातं.

पुढचा महिना मग नुसती घरभर पिसवांची लढाई. चादरी गरम पाण्यात, गाद्या उन्हात, कोपरे अन सोफ्याच्या फटी रोज झाडायच्या, कारण अंडी मांजराच्या अंगावरून गळून घरातच पडतात. लिटरचं म्हणाल तर मी मध्येच टोफूवालं मागवून बघितलं, सोयाबीनपासून करतात. तिला त्याचा वास एवढा आवडला की ट्रे नाही, ताटच वाटलं. मामा पाकीट हातात घेऊन वाचत बसले. "हमीभाव ४८९२, मार्केटला त्यापेक्षा खाली मागायलेत, अन इकडं मांजर हगायला सोयाबीन वापरायलं." ते परत पाठवलं. शेवटी पाईनच्या लाकडाच्या गोळ्या आणल्या, त्या भिजल्या की भुसा होतो, गोळा होत नाही, अन चावायला तिला आवडत नाहीत. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला गोळा होणारं लिटर द्यायचंच नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, तोंड बघून.

तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन साडेनऊ. नसतं वाढलं तर मांजरांना होणाऱ्या ल्युकेमिया व्हायरसची टेस्ट करायची ठरलेली. मोठं मांजर अचानक असं खायला लागलं तर किडनी पण तपासतात म्हणे. आमचं तिथंच निभावलं, माती खाणं तर आठव्या-नवव्या दिवशीच बंद झालेलं.

आता आजी रोज सकाळी पूजा झाली की चष्मा लावून भुरीचा ओठ उचलून बघती. भुरी गप बसती, माझ्याजवळ बसत नाही. अन ते उरलेलं तीन-चार किलो लिटर वॉचमन मामांनी नेलं, पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावाल्यांच्या बुलेटखाली ऑईल गळतं तिथं टाकायला. एका रात्रीत सगळं शोषून घेतलं म्हणाले, अजून आहे का?