कपाळावरची स्ट्रॉबेरी

लेक बाळंतपणाला साताऱ्याला आली आणि नात झाली, तेव्हा नातीचं कपाळ कोरं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे याच मुद्द्यावर घरात साक्षीपुरावे झाले. तिसऱ्या आठवड्यात डाव्या भुवईच्या बऱ्याच वर, केसांच्या कडेला, लाल ठिपका दिसला. आम्ही डासाला शिव्या घातल्या आणि पोवई नाक्यावरून नवी मच्छरदाणी आणली. ठिपका वाढतच गेला. दोन महिन्यांत तो लालभडक, वर आलेला, दाणेदार झाला. दाबला की (हो, मी दाबून पाहिला) जरा फिका पडायचा, बोट काढलं की पुन्हा भरायचा.

आमच्या आईने, म्हणजे बाळाच्या पणजीने, निदान केलं : ग्रहण. पंचांग निघालं, सोयीचं ग्रहण काही सापडेना. मग डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "स्ट्रॉबेरी हिमँजिओमा."

झालं! घरी येताच आईने लेकीला धरलं. "सातव्यात महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी कुणी खाल्ली गं?" नाव ठेवणाऱ्याला काय कल्पना, की ते सातारा जिल्ह्यात केवढ्याला पडणार आहे!

डॉक्टरांनी समजावलं ते असं : ही बारीक रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सरबिन्सर नाही. शंभरातल्या चार-पाच बाळांना होते, मुलींना आणि कमी दिवसांच्या बाळांना जास्त. पहिले काही महिने झपाट्याने वाढते, मग थांबते आणि वर्षानुवर्षं सावकाश ओसरते. चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत बहुतेकींची बरीच जिरते; कधी कातडी जराशी सैल राहते. डोळ्याजवळ, नाकावर, ओठावर असली किंवा चिघळली, तर मात्र वाट बघायची नाही. तेव्हा प्रोप्रॅनोलॉल देतात. हे औषध मुळात हृदयाचं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे एका बाळाला ते हृदयासाठी दिलं आणि गाठच मऊ पडून फिकी झाली. २००८ साली डॉक्टरांनी ते छापलं. शेजारच्या अण्णांना हात थरथरतात म्हणून हेच औषध आहे. पण म्हणून त्यांच्या डबीतली गोळी उचलून बाळाला द्यायची नसते. नाडी आणि साखर उतरू शकते. आमच्या गाठीला काहीच लागलं नाही. आईने हळद लावायचा हट्ट केला, तेवढा मोडून काढला.

या गडबडीत माझ्या पोटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पन्नाशीपासून तिथे लाल तीळ येताहेत, टाचणीच्या डोक्याएवढे, गुळगुळीत. त्यांनाही फळाचंच नाव : चेरी. वैद्यकाला बहुधा जेवणाआधी नावं सुचत असावीत. कॅम्पबेल डी मॉर्गन नावाच्या इंग्रज सर्जनने एकोणिसाव्या शतकात या तिळांचा संबंध कॅन्सरशी जोडला होता. तो पुढे टिकला नाही. हेही निरुपद्रवीच, पण बाळाच्या गाठीसारखे ओसरत नाहीत. ते राहायलाच येतात.

नात आता अडीच वर्षांची आहे. स्ट्रॉबेरी मधूनच करडी पडलीय, कडेला तेवढी लाली. परवा मी उघडा बसलो होतो, तर तिने माझ्या पोटावर बोट टेकवून मोजायला सुरुवात केली. "एक, दोन, पाच." पाचव्याला तिने नखाने उचकटायचा प्रयत्न केला आणि इवल्याशा तिळातून भळकन रक्त आलं. कापूस दाबून बसलो. ती माझ्यापुढे उभी राहिली, स्वतःच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "माझं नको काढू हां."