तुम्ही विचारलंत म्हणून: बॅटमॅन का नाही?

बॅटमॅन का नाही? हिंदी कॉमिक्समधला नागराज आहे, मग तिथलाच डोगा का नाही? वेताळ (इंग्रजीतला फँटम) का वगळला? मराठी अंकात हिंदी कॉमिक्स कशाला? आणि या सगळ्यांत जास्त टोचणारा प्रश्न: सुपरहिरोंवर परीक्षण लिहायचं असतं का मुळात?

सांगलीतले आम्ही काही वाचक दर दिवाळीला कॉमिक्सवरचा एक छोटा अंक काढतो. परीक्षणांना जागा सहांचीच, कारण कागदाचा खर्च आम्हीच वर्गणी काढून भागवतो. मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आहे. पोटापाण्यासाठीही मी छापखान्यात मुद्रितशोधनच करते. त्यामुळे अंकात काय आलं आणि काय राहिलं याचा जाब मलाच विचारला जातो. मंडईत विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देऊन मी निघून येते आणि समोरचा समजतो की बाईंकडे उत्तर नाही. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

शेवटचा प्रश्न आधी संपवते. होय, सुपरहिरोंवर परीक्षण लिहायचं असतं. ज्यावर आपल्या दोन-तीन पिढ्यांनी दुपारच्या दुपारी घालवल्या, शाळेच्या दप्तरात लपवून जे वाचलं, ते चांगलं होतं की वाईट हे कुणीतरी नीट बघून सांगायला हवं. कवितेवर लिहिणाऱ्याला कुणी असं विचारत नाही. याहून जास्त मला यावर बोलायचं नाही.

आता बॅटमॅन. त्याच्याबद्दल माझ्या मनात काहीही अढी नाही. अढी आहे ती तो ज्या पद्धतीनं मागितला जातो त्याबद्दल. आमच्या बैठकीत तरुण मुलं येतात, हुशार असतात, वाचनही दांडगं. बॅटमॅन सुपरमॅनला हरवेल का, यावर चहाचे तीन कप होईपर्यंत बोलतात. त्यांना विचारावं की तू आत्ता ज्या अंकाबद्दल बोलतोयस तो लिहिला कुणी, रेखाटला कुणी, तर गप्प. बॅटमॅन 1939 साली आला. बिल फिंगरनी त्याची पहिली गोष्ट लिहिली, त्याच्या पोशाखाला आज आपण ओळखतो ते रूप द्यायला मदत केली, शहराला गॉथम हे नाव दिलं. पण निर्माता म्हणून नाव लागत राहिलं ते एकट्या बॉब केन यांचं. फिंगर 1974 मध्ये वारले. निर्मितीत त्यांचा वाटा आहे हे अधिकृतपणे छापून यायला 2015 उजाडलं. सुपरमॅन ज्यांनी घडवला त्या सीगल आणि शूस्टर या दोन पोरांनी त्याचे हक्क 130 डॉलरला देऊन टाकले होते. हे सगळं ज्या धंद्यात घडलं, त्यातल्या नायकाचा जयजयकार आम्हीही सहातली एक जागा खर्चून करावा, हे मला पटत नाही. एखाद्या अंकावर लिहा, एखाद्या चित्रकारावर लिहा. 'बॅटमॅनवर' लिहायचं म्हणजे नेमकं कशावर?

तुम्ही म्हणाल, मग ध्रुववर कसं लिहिलंत? बरोबर आहे, हे विचारायलाच हवं. सुपर कमांडो ध्रुव 1987 साली राज कॉमिक्समध्ये आला. लिहिणारे आणि चित्रं काढणारे अनुपम सिन्हा, एकच माणूस. ध्रुवकडे अंगभूत शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला मुलगा; सर्कस जळाली, आईवडील गेले. बॅटमॅनवाले लगेच म्हणतात की ही बॅटमॅनच्या साथीदाराची, रॉबिनची नक्कल, तोही सर्कशीतलाच. असेल सुरुवात तिथली. पण आपला जिल्हा सर्कशीचा आहे. विष्णुपंत छत्रे मूळचे अंकलखोपचे, 1880 साली त्यांनी आपल्या सर्कशीचा खेळ लावला. देवलांची सर्कस म्हैसाळची. तंबूच्या कनातीखालून सर्कस बघितलेल्या माणसांच्या गावात बसून ध्रुवच्या मारामाऱ्या वाचल्या की त्या ताकदीच्या नाहीत, तोलाच्या आहेत, हे कळतं. तेवढंच आम्ही लिहिलं, पानं दाखवून लिहिलं. नागराजचंही तसंच. 1986 पासूनच्या सुरुवातीच्या नागराजला चेहरामोहरा दिला तो प्रताप मुळीक यांनी, आणि अमर चित्र कथेतल्या पुराणकथा काढणारा हातही तोच. म्हणून तो नागराज खलनायकापुढेही पुराणातल्या वीरासारखा उभा राहतो. हे दिसल्यावर लिहावंसं वाटलं. त्या अंकातल्या बऱ्याच गोष्टी कच्च्या आहेत हेही त्याच परीक्षणात आहे, पण ते वाक्य कुणी वाचलेलं दिसत नाही.

माझं मत पहिल्यापासून हे नव्हतं. पहिल्या अंकाच्या वेळी मी ठाम म्हणत होते की सांगलीत जे विकत मिळतं त्याचंच परीक्षण करायचं. वाचकाला उपयोग काय, तर विकत घ्यावं की नाही हे कळणं. स्टॉलवर नाही, दुकानात नाही, त्यावर लिहून काय करायचं? तेव्हाच्या माझ्याशी आजही माझं भांडण चालू असतं, आणि ती बाई अगदीच चूक होती असं मी म्हणणार नाही. वाचकाच्या खिशाचा विचार करणारं परीक्षण मला अजूनही आवडतं. पण त्या नियमापायी जे घडलं ते तुम्हाला अर्धवट माहीत आहे आणि त्यावरूनच 'वेताळ का वगळला' हा प्रश्न येतो. ते आज पूर्ण सांगते.

आमच्यात एक आप्पा होते. एसटीतून निवृत्त झालेले, गावभागात राहणारे. वेताळाच्या गोष्टी छापणाऱ्या मराठीतल्या इंद्रजाल कॉमिक्सचे बांधून घेतलेले खंड त्यांच्याकडे होते. 1964 ला इंद्रजाल सुरू झालं आणि 1990 ला बंद पडलं, हे इथं बहुतेकांना ठाऊक आहे. आप्पांचं म्हणणं साधं होतं: सहातली एक जागा वेताळाला द्या. तरुण मंडळी म्हणाली, जे छापलंच जात नाही त्याचं परीक्षण कसलं? आठवणींचं सदर वेगळं काढा, तिथं लिहा. आप्पांना तोच शब्द लागला. "आठवणी सांगायला मी काय म्हातारा झालो म्हणून आलोय व्हय इथं?"

मी तरुणांच्या बाजूनं बोलले. माझ्या मनात तेव्हा एक भीती होती आणि ती खोटी नव्हती. वेताळावर जे जे लिहून यायचं ते सगळं एकाच चालीचं असायचं: भाड्यानं आणलेली पुस्तकं, उन्हाळ्याची सुट्टी, कवटीची गुहा, आता ते दिवस राहिले नाहीत. त्यात कॉमिक कुठंच नसायचं. मी म्हणाले, "आप्पा, वेताळावर प्रेम आहे हे मान्य, पण एका अंकाबद्दल चार वाक्यं अशी सांगा की जी दुसऱ्या अंकाला लागू पडणार नाहीत."

आप्पांनी पिशवीतनं एक खंड काढला. बोटाला थुंकी न लावता, पानाच्या वरच्या कोपऱ्याला धरून पान उलटलं आणि चौकटीवर बोट ठेवलं. "ह्यात वेताळ दारातनं आत येतोय. पुढच्या चौकटीत बघा, पुन्हा दारातच. का?" कुणालाच सांगता येईना. मग त्यांनीच सांगितलं. ही गोष्ट मुळात वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटी अशी आली. ली फॉक लिहायचे ते उद्या पेपर उघडणाऱ्या माणसासाठी, म्हणून कालची शेवटची हालचाल आजच्या पहिल्या चौकटीत थोडी पुन्हा यायची. त्या पट्ट्या पुस्तकात एकाखाली एक चिकटवल्या की गोष्ट अशी पावलोपावली अडखळते. "पोरं म्हणतात वेताळ संथ आहे. संथ न्हाई तो, रोज थोडा थोडा वाचायचा होता."

मग दुसरं पान. चौकटीच्या कडेला एक खडक होता. "ही रेघ बघा आणि वेताळाच्या दंडाची रेघ बघा. दंड साय बॅरीचा, मूळ चित्रकाराचा. खडक त्याचा न्हाई, इथल्या कुणीतरी जागा भरायला काढलाय." मी छापखान्यातली बाई. शाईची रेघ मला कळते. खरंच दोन हात होते. एकाचा कुंचला जाड होऊन बारीक होत जात होता, दुसऱ्याची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. त्यांनी संवादांचे फुगेही दाखवले. इंग्रजीच्या मापाचा फुगा, त्यात मराठी मावत नाही, म्हणून शेवटच्या ओळीत अक्षरं एकमेकांना खेटलेली. मूळ गोष्टीतलं 'बेंगाली'चं जंगल इथं दंकाली झालं, 'सिंग' चाचे सिंगा झाले, कुणाला खटकू नये म्हणून. बॅरीच्या आधीचा चित्रकार विल्सन मॅकॉय, त्याच्या चित्रांतला वेताळ आणि बॅरीच्या चित्रांतला वेताळ यांची चालसुद्धा कशी वेगळी आहे, हे त्यांनी दोन पानं शेजारी ठेवून दाखवलं. मॅकॉयचा वेताळ ताठ, लाकडी. बॅरीच्या वेताळाच्या अंगावर सावल्या पडतात.

मी म्हणाले, "आप्पा, हेच परीक्षण. हे लिहून द्या, माझं मत मी बदलते." खोलीतले सगळे हो म्हणाले. ज्यानं सगळ्यांत जास्त विरोध केला होता तोही.

आप्पांनी खंड पिशवीत ठेवला. "मी लिहिणारा न्हाई. तुम्ही लिहा."

मी म्हटलं, डोळे तुमचे आहेत, मी माझ्या नावावर कसं लिहू? बोलत जा, मी उतरून घेते, नाव तुमचंच घालू. ते म्हणाले, "मला परीक्षा द्यायला लावली तुम्ही. पास झालो म्हणून जागा देताय. त्या बॅटमॅनवाल्या पोराला कुठं विचारलं चार वाक्यं सांग म्हणून?" आणि मला नेहमी 'ताई' म्हणणारे आप्पा जाताना म्हणाले, "येतो मॅडम."

ते पुन्हा आले नाहीत. मी घरी गेले होते. चहा झाला, नातवाचं कौतुक झालं, विषय काढला की ते पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागायचे. 2019 च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, गावभाग बुडाला, तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात पहिला विचार त्या खंडांचा आला. खंड सुखरूप होते. 2005 च्या पुरानंतरच त्यांनी ते माळ्यावर टाकले होते. ही बातमीसुद्धा मला त्यांच्या मुलाकडून कळली.

लोक म्हणतात, तुम्ही आप्पांना घालवलंत. मी ते मान्य करत नाही. चार वाक्यांची मागणी योग्यच होती, आणि त्यांनी ती जशी पुरी केली तशी कॉमिक्सबद्दल बोलणारा दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही. पण त्यांचा प्रश्नही खरा होता. बॅटमॅनवाल्या मुलाला मी तोपर्यंत खरंच काही विचारलेलं नव्हतं, कारण बॅटमॅन दुकानात होता आणि माझ्या नियमात बसत होता. म्हणून त्या दिवसापासून दुकानाचा नियम गेला. आता सगळ्यांना एकच विचारते: अंक घेऊन या, पान उघडा, चौकटीवर बोट ठेवा आणि सांगा. जो सांगेल त्याच्या कॉमिकला जागा. नायक कुठलाही असो, देश कुठलाही असो, छापलं जात असो वा नसो.

तर बॅटमॅन का नाही, याचं उत्तर इतकंच आहे की तो घेऊन कुणी आलेलं नाही. लोक सिनेमा घेऊन येतात, कोण कुणाला हरवेल हे घेऊन येतात, इंग्रजीत कुणीतरी आधीच लिहिलेलं मत घेऊन येतात. एका मुलीनं एकदा अंक आणला होता, चांगलं बोलतही होती, पण परीक्षा आली आणि लिहायचं राहिलं. ती परत आली तर पुढच्या दिवाळीला बॅटमॅन असेल.

या नियमावर आमच्यातच एक आक्षेप आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. आक्षेप असा की यानं बोलता येणाऱ्या माणसाचं कॉमिक निवडलं जातं, चांगलं कॉमिक निवडलं जात नाही. गेल्या खेपेला एका सुमार अंकाला जागा मिळाली, कारण आणणारा त्याबद्दल फार नेमकं बोलला, आणि डोगाचा एक खरोखर चांगला अंक राहून गेला, कारण तो आणणारा मुलगा लाजाळू होता. मी म्हणते, सुमार अंकाचं नेमकं परीक्षण वाचकाच्या जास्त कामाचं. समोरचे म्हणतात, मग तो चांगला अंक वाचकापर्यंत पोचवायचा कुणी? यावर आमची दोनदा कडाक्याची वादावादी झाली आणि दोन्ही वेळा सभा तशीच उठली. यंदा सहापैकी पाच जागा ठरल्यात. सहावीसाठी त्या लाजाळू मुलाला मी सांगितलंय की तू बोलू नकोस, फक्त पानं दाखव, बाकीचं आपण सगळे मिळून बघू. ध्रुववाल्यांचा याला विरोध आहे. त्यांच्या मते हा माझाच नियम मी मोडतेय. मोडतेय असं मला वाटत नाही, पण रविवारी त्यांचं म्हणणं ऐकून घेणार आहे.