दोन मिनिटं हलू नकोस

बुधवार, रात्री साडेअकरा

साबणाने दोनदा हात धुतले, तरी माकुलाचा वास जात नाहीये.

शनिवारी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर दोन माकुलं घेतली आणि मावशींना म्हटलं, धुऊ नका. "न धुता? पुजणार आहेस काय गो?" आता त्यांना काय सांगू, की मला माकूल नकोच आहे, त्याच्या अंगावरचे अंधारात चमकणारे जिवाणू हवेत आणि त्यांना गोडं पाणी सोसत नाही! लॅबमध्ये ३ टक्के मिठाच्या पाण्यात ती अर्धी बुडवून ठेवली, एसी २० वर. रविवारी पहाटे दिवे मालवून वीस मिनिटं नुसती बसून राहिले. डोळे सरावल्यावर दिसलं, कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उजळलेत. तेवढेच लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कडीने, उचलून प्लेटमधल्या खाऱ्या आगरवर, जेलीसारख्या खाद्यावर, वाढवले.

काल चित्र काढलं. कमळाची रांगोळी, प्लेटखाली ठिपक्यांचा कागद ठेवून. रंग म्हणजे काय, तर जिवाणूंचं ढगाळ पाणी. ओल्या आगरवर ओली रेघ दिसतच नाही, हात उचलला की कुठवर आलो होतो ते विसरायला होतं. मी एक पाकळी दोनदा गिरवली आणि एक काढलीच नाही. हे कळलं आज संध्याकाळी, चित्र पेटल्यावर.

फोटोसाठी मागची स्टोअररूम. दाराखाली टॉवेल, इन्व्हर्टरच्या लाल ठिपक्यावर काळी चिकटपट्टी. प्लेटशेजारी मोजपट्टी ठेवून टॉर्चच्या उजेडात फोकस केला आणि लेन्सची फोकस रिंगही चिकटवून टाकली, कारण अंधारात कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. आयएसओ १६००, एफ १.८, ३० सेकंद. पहिले दोन फोटो झाकणावर धरलेल्या वाफेपायी गेले. झाकण उचलायला गेले तर त्यातला एक थेंब नेमका कमळाच्या मधोमध पडला. असो, गिरवलेली पाकळी तरी झाकली गेली.

मला खरी गंमत वाटते ती रंगाची. डोळ्यांना प्लेट पाणी घातलेल्या दुधासारखी दिसते, कारण इतक्या मंद उजेडात आपल्याला रंग ओळखताच येत नाही. स्क्रीनवर मात्र तीच प्लेट निळी-हिरवी. हा रंग कॅमेऱ्याने पदरचा घातलेला नाही, उजेड असतोच ४९० नॅनोमीटरच्या आसपास. पण लोक फोटोत तो आणखी भडक करतात ते मला पटत नाही. मी हात लावला नाही.

शेवटी याच जिवाणूंच्या पाण्याचा फ्लास्क. नुसता ठेवला की उजेड वरच्या पातळ थरापुरता उरतो आणि गदागदा हलवला की तळापर्यंत पेटतो. ल्युसिफरेजला, म्हणजे उजेड पाडणाऱ्या विकराला, ऑक्सिजन लागतो, बाकी काही जादू नाही. रॉबर्ट बॉइलने १६६८ साली चमकणाऱ्या माशाभोवतीची हवा पंपाने काढून हेच पाहिलं होतं, ऑक्सिजन हे नावसुद्धा नव्हतं तेव्हा. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने असल्या बाटल्यांनी अख्खी खोली उजळली होती. आणि प्रागच्या हान्स मोलिश या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या उजेडात फोटो काढले होते.

मग आम्हीही काढायचं ठरवलं. टी.वाय.ची एक मुलगी मदतीला थांबली होती. तिला स्टुलावर बसवलं, फ्लास्क गालाशी धरायला लावला. "दोन मिनिटं हलू नकोस."

"आणि फ्लास्क?"

"तो हलवत राहा."

ती हसायला लागली. पहिला फोटो तिथेच वाया. दुसऱ्या वेळी ओठ घट्ट मिटून बसली, मनगट तेवढं फिरत होतं.

फोटो उघडला. एक गाल, नाकाची कड, कानातला डूल, सगळं शांत आणि निळसर. खाली नुसता उजेडाचा धूर.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, माझा हात कुठे गेला?"

उद्या सकाळी सगळ्या प्लेट्स ऑटोक्लेव्हला, दाबाच्या वाफेत जिवाणू मारायला, टाकायच्या आहेत.