तो तक्ता कुणाच्या वयाचा?

रेडिएशनच्या ओपीडीत बऱ्याचदा पेशंटच्या आधी नातेवाईक आत येतात. त्या दिवशीही मुलगा-मुलगी आधी आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बाबांना गाठ आहे एवढंच माहीत आहे. पुढचं काही सांगू नका."

बाबा ७३ वर्षांचे. मेंदूच्या डाव्या टेम्पोरल, म्हणजे कानशिलाकडच्या भागातली गाठ सर्जननं जमेल तेवढी काढली होती. भाषेचा भाग अगदी लगत, म्हणून उरलेलीला हात लावला नव्हता. रिपोर्ट ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४, म्हणजे मेंदूचा फार आक्रमक कॅन्सर. मुलाच्या मोबाइलवर एक आकडा उघडाच होता, १४.६ महिने, निम्मे पेशंट जगले तो काळ. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतला. सहा आठवड्यांत रेडिएशनचे ३० डोस आणि जोडीला टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. नुसतं रेडिएशन घेणाऱ्यांत १२.१ महिने, गोळ्या जोडल्यावर १४.६. "आम्हाला पूर्ण ट्रीटमेंट हवी," तो म्हणाला, "अर्धवट काही नको."

मला घाई होती ती वेगळ्याच कारणानं. ऑपरेशनच्या आधी काकांना शब्द सापडेनासे झाले होते. घड्याळ दाखवलं की "ते... वेळेचं" म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं गाठीभोवतीची सूज उतरली, तसं बोलणं बरंचसं परत आलं. पण ही पावसातली उघडीप होती. काकांना काय हवंय ते विचारायचं तर आत्ताच. मुलांना मी सरळ सांगितलं, "मी आपणहून लादणार नाही. पण त्यांनी विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

काका आत आले. स्टेरॉइडनं चेहरा सुजलेला, चाल मात्र खणखणीत. मागे काकू, छातीशी फाइल धरून. किती जाणून घ्यायचंय असं विचारल्यावर काका म्हणाले, "विम्याच्या ऑफिसात जन्म गेला माझा. आयुर्मानाचे तक्ते चाळत. सगळं सांगा."

मुलाला राहवलं नाही, त्यानं १४.६ चा आकडा सांगून टाकला. काका थोडा वेळ शब्द जुळवत राहिले. मग म्हणाले, "त्या... चाचणीत माझ्या वयाची माणसं होती?"

नव्हती. तिथे वयाची वरची मर्यादा ७० होती. हा प्रश्न मला शिकाऊ डॉक्टरांकडूनही क्वचितच ऐकायला मिळतो.

मग खरं बोलणं सुरू झालं. साठीपुढच्या पेशंटमध्ये ३० डोस आणि तीन आठवड्यांतले १५ डोस यांची तुलना २००४ मध्येच झाली होती. जगण्यात फरक पडला नाही. सत्तरीपुढे तर सहा आठवड्यांचं रेडिएशन नुसत्या गोळ्यांपेक्षाही मागे पडलं, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे ३० हे 'पूर्ण' आणि १५ हे 'अर्धवट', हा हिशेबच चुकीचा. १५ मध्ये रोजचा डोस मोठा असतो, आणि वाचलेले तीन आठवडे पेशंटच्या पदरात पडतात. ६५ च्या पुढच्या ५६२ पेशंटची चाचणी २०१७ मध्ये आली. सगळ्यांना १५ डोस, निम्म्यांना सोबत गोळ्या. ७.६ महिन्यांचे ९.३ झाले.

"एवढंच?" मुलगी म्हणाली.

काकांच्या गाठीतल्या एमजीएमटी या दुरुस्तीच्या जनुकाचा रिपोर्ट त्याच सकाळी आला होता, मिथिलेटेड, म्हणजे ते जनुक दबलेलं. अशा गाठीत गोळ्यांनी केलेली इजा पेशींना नीट दुरुस्त करता येत नाही. त्याच चाचणीत अशा पेशंटमध्ये गोळ्यांमुळे ७.७ चे १३.५ महिने झाले होते. "हा मधला आकडा," काका मुलीला म्हणाले, "अर्धे त्याच्या पुढेही जातात." आणि अर्धे अलीकडे राहतात, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

नुसत्या गोळ्यांचा पर्याय मी मांडला. काहीच न घेता फक्त त्रास आटोक्यात ठेवायचा, हाही मांडला. मुलगी भडकली, "हा काय पर्याय झाला?" झाला. कुणी तो निवडला, तर मी त्यांना परत पाठवत नाही. पण काका स्वतःच्या पायांनी चालत आले होते, जेवत होते. माझं मत १५ डोस आणि गोळ्यांकडे झुकत होतं, ते मी लपवलं नाही.

त्यांनी तेच घेतलं, एका अटीवर. "शब्द गेले की गोळ्या बंद."

ही अट जशीच्या तशी लिहून घेणं मला पटेना. शब्द गाठ वाढल्यानं जातात, तसे सुजेनं जातात, फिटनंही जातात, आणि त्या दोन्हींवर औषध आहे. शिवाय रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयमध्ये कधी कधी उपचाराच्याच परिणामानं गाठ वाढल्यासारखी दिसते; तेवढ्यावर कुणी हाय खाऊ नये. आमची चक्क घासाघीस झाली. शेवटी फाइलमध्ये लिहिलं, बोलणं गेलं तर आधी सूज आणि फिट यांवर उपचार. तरीही परत आलं नाही, तर गोळ्या थांबवायच्या.

काकांनी ते दोनदा वाचलं. "आणि तेव्हा मला सांगता आलं नाही तर? नॉमिनी कोण?"

मुलगा पुढे सरसावला. काकांनी बोट दाखवलं ते काकूंकडे. मुलाचा चेहरा पडला, पण तो काही बोलला नाही. इतका वेळ गप्प बसलेल्या काकूंकडे मी वळले, तुम्हाला काही विचारायचंय का म्हणून.

"हे पहाटे तीनला उठून कपाटं आवरत बसतात," त्या म्हणाल्या. "झोपेचं काहीतरी बघा."

ते स्टेरॉइडमुळे. मी दुसरा डोस रात्रीऐवजी दुपारी घ्यायला सांगितला, हळूहळू उतरवायचा तक्ता लिहून दिला, आणि मनानं एकदम बंद करायचा नाही हे काकूंकडून वदवून घेतलं. मग रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवायची वेळ घ्यायला मुलाला खाली पाठवलं.