काठावरची गोगलगाय आणि यकृतातला पर्णकृमी

पावसाळा सरला की इंदूरच्या आसपासच्या तलावांचे पाणी हळूहळू मागे हटते आणि मोकळ्या झालेल्या चिखलावर कोवळे गवत उगवते. सिरपूर असो, यशवंतसागर असो किंवा देपालपूरच्या वाटेवरची निनावी डबकी असोत, माळावरचे गवत वाळू लागल्यावर गुरे या हिरव्या पट्ट्याकडेच ओढली जातात. याच पट्ट्यात, पाण्याच्या काठाशी, लिम्निया नावाची एक तपकिरी, पातळ कवचाची गोगलगाय राहते. गाई, म्हशी, शेळ्या आणि मेंढ्या यांच्या यकृतात राहणाऱ्या पर्णकृमीला तिच्याखेरीज आपले आयुष्य पूर्णच करता येत नाही. मी प्राणिशास्त्र शिकले आणि पुढे बरीच वर्षे शिकवले. या कृमीच्या जीवनचक्राची आकृती फळ्यावर काढताना प्रत्येक अवस्थेला सारख्याच आकाराचा गोल आणि दोन गोलांमध्ये सारख्याच लांबीचा बाण काढावा लागतो, आणि त्या आकृतीतून काळ आणि संख्या या दोन्ही गोष्टी निसटून जातात. आज या दोन गोष्टींविषयीच लिहायचे आहे, कारण पशुपालकाचे नुकसान नेमके त्यांच्याचमुळे होते.

आपल्याकडच्या मैदानी प्रदेशात प्रामुख्याने आढळतो तो फॅसिओला जायगँटिका. थंड प्रदेशातला त्याचा भाऊबंद फॅसिओला हेपॅटिका सुमारे 2 ते 3 सेंटिमीटर लांब असतो, तर जायगँटिका 7 सेंटिमीटरपर्यंतही वाढतो. दोघेही पानासारखे चपटे आणि उभयलिंगी असून त्यांना तोंडाशी एक आणि पोटाकडे एक असे दोन चूषक असतात. पूर्ण वाढलेला कृमी पित्तनलिकेत राहतो, रक्त पितो आणि रोज हजारो अंडी घालतो. ही अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि तेथून शेणात येतात. इतकी अंडी कशासाठी, याचे उत्तर पुढच्या प्रवासात आहे.

शेणाच्या पोवात अडकून राहिलेले अंडे वाढत नाही. त्याला शेणापासून सुटून पाण्यात पडावे लागते, आणि मग उबदार हवेत साधारण दोन ते तीन आठवड्यांनी त्यात मिरासिडियम तयार होतो. उजेड पडला की अंड्याचे झाकण उघडते आणि अंगभर रोमक, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू, असलेला हा सूक्ष्म जीव बाहेर पडून पोहू लागतो. त्याला खाता येत नाही. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर तो जेमतेम एक दिवस जगतो, आणि तेवढ्या वेळात योग्य जातीची गोगलगाय सापडली नाही तर त्याचे आयुष्य तिथेच संपते. बहुतेकांचे तसेच होते.

ज्याला गोगलगाय सापडते तो तिच्या मऊ अंगात शिरतो, रोमकांचे आवरण टाकून देतो आणि एका साध्या पिशवीसारखा होतो. या स्पोरोसिस्टच्या पोटात रेडिया निर्माण होतात. रेडियाला तोंड आणि आतडे असते. तो गोगलगाईचे ऊतक खात खात पुढे सरकतो आणि त्याच्या पोटात पुन्हा रेडिया किंवा शेपटीचे सर्केरिया तयार होतात. येथे नर-मादीचा संबंध नाही, मीलन नाही. एकाच जीवाच्या आत दुसरा आणि दुसऱ्याच्या आत तिसरा अशी पिढ्यांची वाढ चालते. एका मिरासिडियमपासून अशा रीतीने सहाशेहून अधिक सर्केरिया निर्माण होऊ शकतात. जगाच्या एवढ्याशा कोपऱ्यात, एका गोगलगाईच्या पाचक ग्रंथीत, इतके सारे घडते हे मला आजही थक्क करणारे वाटते. त्या गोगलगाईची प्रजननशक्ती बहुधा नष्ट होते. तलाव आटल्यावर ती चिखलात दडून निपचित पडते, आणि तिच्यासोबत आतले कृमीही पुढच्या पावसाची वाट पाहत टिकून राहू शकतात.

दीड-दोन महिन्यांनी सर्केरिया बाहेर पडतात, थोडा वेळ पोहतात, गवताच्या पात्याला चिकटतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून घेतात. हा मेटासर्केरिया पाव मिलिमीटरच्या आसपासचा असतो आणि ओलावा राहिला तर महिनोन्‌महिने जिवंत राहतो. कडक ऊन आणि पूर्ण कोरडेपणा मात्र त्याला सोसत नाही.

हे सारे उलगडायला माणसाला फार काळ लागला. मेंढ्यांच्या यकृतातील या कृमीचा उल्लेख फ्रान्समध्ये 1379 सालीच झाला होता, पण तो तिथे पोचतो कसा हे पुढची पाच शतके कळले नव्हते. 1879-80 च्या ओल्या हंगामात इंग्लंडमध्ये या रोगाने सुमारे तीस लाख मेंढ्या दगावल्या आणि शोधाला निकड आली. ऑक्सफर्डमध्ये तरुण अल्जर्नन थॉमस आणि लाइपझिगमध्ये रुडॉल्फ लॉयकार्ट यांनी एकमेकांवर अवलंबून न राहता 1880 नंतरच्या दोन-तीन वर्षांत गोगलगाईची भूमिका सिद्ध केली. परजीवीसाठी मधला यजमान, म्हणजे वाढीच्या मधल्या अवस्था ज्याच्या अंगात पार पडतात तो प्राणी, अनिवार्य असतो, हे एका चपट्या कृमीच्या बाबतीत पायरी-पायरीने दाखवून देणारे हे पहिले पूर्ण काम होते, आणि म्हणून प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते नीट समजून घ्यावे असा माझा आग्रह असतो.

आता जनावराच्या शरीरात काय होते ते पाहू. गवताबरोबर पोटात गेलेल्या कवचाला पोटातील ऊब आणि कार्बन डायऑक्साइड जागे करतात, आणि लहान आतड्यात पित्ताचा स्पर्श झाला की पिलू कवच फोडून बाहेर येते. ते पित्तनलिकेच्या तोंडातून वर चढत नाही. ते आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत उतरते, काही दिवसांत यकृताच्या आवरणापाशी पोचते आणि मग कित्येक आठवडे यकृत पोखरत हिंडते. या वाटेवर रक्तस्राव होतो, पेशी मरतात आणि मागे व्रण राहतात. पित्तनलिकेत पोचून अंडी घालायला सुरुवात होईपर्यंत हेपॅटिकाला दहा ते बारा आठवडे लागतात, तर जायगँटिकाला साधारण तीन ते चार महिने.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच काळ. या तीन-चार महिन्यांत शेण कितीही वेळा तपासले तरी त्यात अंडे दिसणार नाही, कारण अंडी घालणारा कृमी अजून तयारच झालेला नाही. आणि तरीही यकृताची सर्वांत मोठी हानी नेमकी याच वेळी चालू असते. मेंढी एखादे वेळी कोणतेही लक्षण न दाखवता अचानक मरते. म्हैस टिकून राहते, पण रोडावते, तिचे दूध कमी होते, डोळ्यांच्या आतली त्वचा फिकी पडते आणि पुढे रक्तातली प्रथिने घटल्यामुळे जबड्याखाली पाणी साचून सूज येते. सूज दिसल्यावर औषध शोधणारा पशुपालक रोगाच्या शेवटच्या टप्प्यावर उभा असतो.

औषधांचेही तसेच. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे ऑक्सिक्लोझानाइड पूर्ण वाढलेल्या कृमींवर काम करते. यकृतात हिंडणाऱ्या पिलांवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. ट्रायक्लाबेंडाझोल अगदी लहान पिलांनाही मारते, परंतु औषधाचा अंश दुधात उतरत असल्याने दुभत्या जनावराच्या दुधाचा प्रश्न उभा राहतो, शिवाय अनेक देशांत या औषधाला न जुमानणारे कृमी निर्माण झालेले आहेत. म्हणून कोणते औषध, कधी आणि किती हे पशुवैद्यकानेच ठरवावे. एकदा औषध पाजून लगेच त्याच काठावर जनावर सोडणे म्हणजे नवा भार आत घेणे होय.

यकृतातला कृमी एकटा नाही. म्हशींच्या आणि गुरांच्या पोटात राहणाऱ्या अँफिस्टोम कृमींची पिले लहान आतड्यात रुतून बसतात आणि वासरांना दुर्गंधीयुक्त, जीवघेणी हगवण लावतात. शिस्टोसोमा नेझाले हा तर गुरांच्या नाकातील शिरांत राहतो. त्यामुळे नाकात गाठी येतात आणि जनावर श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करते. शिस्टोसोमांत नर आणि मादी वेगळे असतात, मादी नराच्या अंगावरच्या पन्हळीत राहते, आणि त्यांचे सर्केरिया गवतावर न थांबता पाण्यात उभ्या जनावराच्या कातडीतून थेट आत शिरतात. इंडोप्लॅनॉर्बिस ही चकतीसारखी गुंडाळलेली गोगलगाय यांपैकी अनेकांची मधली यजमान आहे. माणसांना शिस्टोसोमाची लागण होत असल्याचे एक छोटेसे ठिकाण आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात 1952 साली नोंदवले गेले, हेही मराठी वाचकांना ठाऊक असावे.

काठावर करण्यासारखे काम आहे. शेण तलावाजवळ न टाकता खड्ड्यात नीट कुजवले तर कुजताना वाढणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात. पाण्यातले किंवा काठाचे गवत कापून आणले तर ते कडक उन्हात पूर्ण वाळवावे. अर्धवट वाळलेल्या चाऱ्यात मेटासर्केरिया जिवंत राहतात. बदके गोगलगायी खातात. शक्य असेल तेथे जनावरांना हौदात पाणी द्यावे आणि दिवाळीनंतर उघड्या पडलेल्या ओल्या पट्ट्याला काटेरी झुडपांचे कुंपण घालावे. निदान वासरे आणि मेंढ्या तरी तिकडे जाऊ देऊ नयेत.