रात्री दोनला बंद पडलेला एसी आणि न्यूट्रलचा एक स्क्रू

अकोल्यात मे महिन्यात एसी बंद पडणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. दुपारी ४४-४५ डिग्री, आणि रात्री दोन वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते. आमच्या घरात एकच एसी आहे, दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट, तो सासूबाईंच्या खोलीत. त्यांचं गेल्या वर्षी हार्टचं ऑपरेशन झालं, उकाडा सहन होत नाही. बाकी आम्ही सगळे हॉलमध्ये कूलरसमोर झोपतो.

शनिवारी रात्री दीडला नळ आले. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत, त्यामुळे आले की रात्र असो की पहाट, उठावंच लागतं. खालची टाकी भरली, मग वरच्या टाकीत पाणी चढवायला मी मोटर सुरू केली. मोटर जरा कण्हल्यासारखी चालत होती हे मला आठवतं पण तेव्हा लक्ष दिलं नाही. मिनिटभरात आईंच्या खोलीतून फट् असा बारीक आवाज आला आणि एसीचा दिवा गेला. थोडासा जळका वासही आला, पण मला वाटलं बाहेरून येत असेल.

"काऊन वं, थंड नाही लागून राहिलं?" आईंनी पलंगावरूनच विचारलं.

सगळ्यात आधी रिमोट. दाबला तर बीप नाही, डिस्प्ले नाही, फ्लॅप हलत नाही. सेल बदलले, तरी तसंच. माझा मुलगा अकरावीला आहे, तो उठला आणि त्याने मोबाईलचा सेल्फी कॅमेरा लावून रिमोटच्या तोंडाकडे धरला आणि बटण दाबलं, तर स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसला, म्हणजे रिमोट सिग्नल सोडतोय. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याच फोनवर हे दिसत नाही, समोरच्यात बहुतेक दिसतं. मग इनडोअर युनिटचं पुढचं झाकण उचललं, आत एक छोटं बटण असतं, रिमोट हरवला तर एसी चालू करायला दिलेलं, ते दाबलं. तरी काही नाही. हे बटण फार कामाचं आहे, कारण त्याने एसी सुरू झाला असता तर भानगड रिमोटची किंवा सेन्सरची, आणि त्यानेही नाही झाला तर एक तर युनिटपर्यंत लाइट पोचत नाहीये किंवा पोचून आतमध्ये अडली आहे.

मग एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. एसीचा वेगळा २० अँपिअरचा आहे. वरवर बघितला तर चालूच वाटला, पण नीट बघितलं तर दांडी मध्येच अडकलेली होती, पूर्ण वर नाही पूर्ण खाली नाही. अशी दांडी नुसती वर ढकलून बसत नाही, आधी पूर्ण खाली ओढायची आणि मग वर. तसं केलं, बसली, टिकली. मी मनात म्हटलं झालं काम. तीन-चार मिनिटं थांबलेसुद्धा, कारण लाइट गेली आली की कॉम्प्रेसर लगेच सुरू होत नाही, साधारण तीन मिनिटं थांबतो, हे मला माहीत होतं. पण कॉम्प्रेसर थांबला तरी निदान इनडोअरचा दिवा तर लागायला पाहिजे ना, तोही नाही. तिथे मी सोडून दिलं, आईंना हॉलमध्ये आणलं, कूलरच्या समोर माझी गादी दिली आणि ओला नॅपकिन त्यांच्या कपाळावर ठेवत सकाळपर्यंत बसून राहिले. त्यांना दम लागत होता. ती रात्र माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

सकाळी सर्व्हिसला फोन केला, माणूस सोमवारी दुपारी आला. चांगला मुलगा होता, कामात सफाई होती. त्याने १६ अँपिअरच्या सॉकेटवर मीटर लावला, २३४ व्होल्ट. टॉप, म्हणजे एसीचा प्लग, काढून बघितला, पिना काळ्या झालेल्या नाहीत. मग इनडोअर उघडलं, वायर जिथे जोडलेल्या असतात त्या पट्टीवरही २३४. "मॅडम, सप्लाय ओके आहे, पीसीबी गेला. सात हजार आठशे, प्लस व्हिजिट." पीसीबी म्हणजे एसीच्या आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड. कॉम्प्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची होती पण बोर्डाची कधीच संपलेली. मी विचारलं, गेला कशामुळे? म्हणाला, व्होल्टेज वरखाली झालं असेल, होतं असं. मी विचारलं, मग नवा बोर्ड लावला आणि परत वरखाली झालं तर? तो गप्प बसला. त्याचं काम एसीपुरतं होतं, घराच्या वायरिंगचं उत्तर त्याच्याकडून मागणं बरोबरही नव्हतं. मी व्हिजिटचे पैसे दिले आणि बोर्ड नंतर सांगते म्हटलं.

आई बाहेर घामाने भिजल्या होत्या आणि मी बोर्डाला नाही म्हणत होते, मला स्वतःलाच वाईट वाटत होतं. पण एक गोष्ट डोक्यात घुसली होती. त्या आठवड्यात आमचे दोन एलईडी बल्ब गेले होते, दोन्ही त्याच बाजूच्या खोल्यांमधले. शनिवारी रात्रीच वायफायचा अ‍ॅडॉप्टर पण गेला होता. आणि चार-पाच दिवसांपासून मोटर लावली की आईंच्या खोलीतला दिवा मंद व्हायच्या ऐवजी जास्त लख्ख व्हायचा, हे मुलाने मला सांगितलं होतं आणि मी ऐकून सोडून दिलं होतं. मोठं यंत्र सुरू झालं की दिवा क्षणभर मंद होतो हे आपण सगळ्यांनी बघितलेलं असतं. लख्ख झाला की काहीतरी चुकतंय, आणि ते मोठं चुकतंय.

संध्याकाळी आमच्या ओळखीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने आल्याआल्या एसीच्या बोर्डाला हातच लावला नाही, आधी विचारलं, "ताई, एसी गेला तेव्हा घरात काय काय चालू होतं?" मी मोटरचं सांगितलं. तो म्हणाला, तुमचं थ्री फेज आहे ना, चला मग. थ्री फेज म्हणजे घरात लाइट आणणाऱ्या तीन वायर, तीन फेज, आणि तिघींना मिळून परतीची एकच वायर, ती न्यूट्रल. आमची मोटर एका फेजवर आहे आणि एसी दुसऱ्या. बाकीचे नाजूक सामान, टीव्ही, फ्रीज, इन्व्हर्टर, सगळ्यांचे टॉप काढायला लावले, मीटर एसीच्या सॉकेटवर धरला, २३२. मग मुलाला ओरडून सांगितलं, मोटर लाव. मीटरवर २३२ चे २६०, २७५, आणि २९० च्या वर आकडा जायला लागला तसा तो ओरडला, बंद कर! मोटर बंद, परत २३२. माझ्या अंगावर काटा आला. दुपारी सर्व्हिसवाल्याने सप्लाय बघितला तेव्हा मोटर बंद होती, त्यामुळे त्याला सगळं बरोबरच दिसलं.

मग त्याने अजून एक गोष्ट केली. फेज आणि न्यूट्रलच्या ऐवजी फेज आणि अर्थिंगमध्ये मीटर लावला आणि मोटर पुन्हा दोन सेकंद चालवली. आता आकडा २३४-२३५ वरून हललाच नाही. म्हणजे फेज जागेवर आहे, न्यूट्रल हलतोय. मोटर बंद असताना न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्ट होते, मोटर लावली की पन्नाससाठच्या घरात.

मला समजावं म्हणून त्याने जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "ताई, असं समजा एका खुंटीला तीन बैल तीन दिशांना बांधले आहेत. खुंटी घट्ट आहे तोवर तिघांना सारखा दोर. खुंटी हालली की ज्याचा जोर जास्त तो तिला आपल्याकडे ओढतो, त्याचा दोर ढिला होतो आणि बाकीच्यांचा ताणला जातो." खुंटी म्हणजे न्यूट्रल. मोटरच्या फेजवर लोड जास्त, म्हणून तिथे व्होल्टेज पडलं आणि मोटर कण्हत होती, आणि ज्या फेजवर लोड कमी, म्हणजे एसीच्या, तिथे चढलं. एसीने तोवर खोली गार केली होती आणि इन्व्हर्टर एसी गार झाल्यावर फारच कमी करंट घेतो, त्यामुळे नेमका तोच तावडीत सापडला. न्यूट्रल पूर्णच सुटला असता तर आणखी चढलं असतं, दोन फेजच्या मध्ये ४०० च्या आसपास असतात हे त्याने सांगितलं तेव्हा मी लगेच मेन बंद करायला लावलं.

मेन स्विच उघडला. न्यूट्रलची जोड जिथे होती तिथलं इन्सुलेशन वितळून तपकिरी झालेलं, स्क्रू बोटाने फिरत होता. वायर जुनी अ‍ॅल्युमिनियमची, पट्टी पितळेची. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू चेपत जातं, गरम-थंड होऊन स्क्रू ढिला पडतो, ढिला पडला की अजून गरम होतो, वर पांढरट थर धरतो, असं वर्षानुवर्षं चालू असतं आणि उन्हाळ्यात लोड वाढला की एक दिवस उघडं पडतं. त्याने जळका भाग कापला, वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, लावून दाबून बसवला, तीन फेजचे स्क्रू पण आवळले. मीटरच्या सीलच्या पलीकडे त्याने हात लावला नाही, तो भाग आपला नाही, तिथे किंवा पोलवर न्यूट्रल ढिला असेल तर वीज कंपनीच्या १९१२ नंबरवर तक्रार करून लाइनमनलाच बोलवायचं. आमचं घरातच निघालं. मेन चालू केला, मोटर लावली, २३३ चे २३१. आईंच्या खोलीतला दिवा हललासुद्धा नाही.

एसी अजून बंदच होता. पण आता बोर्डाकडे जायला अर्थ होता.

इनडोअरचा बोर्ड काढण्याआधी मुलाने प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढला, एमसीबी पाडून टॉपही काढून ठेवला होता. आउटडोअर युनिट मात्र आम्ही उघडलं नाही आणि कोणी घरच्या घरी उघडूही नये, इन्व्हर्टर एसीच्या आउटडोअरमध्ये मोठे कपॅसिटर असतात, लाइट बंद केल्यावरही त्यांच्यात तीनशेच्या वर डीसी व्होल्ट काही वेळ साठून राहतात. बोर्ड घेऊन गावात टीव्ही आणि इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांनी भिंग लावून दोन सेकंदात दाखवलं, निळ्या गोळीसारखी एक चकती तडकलेली, बाजूला काळा डाग, आणि शेजारचा काचेचा फ्यूज आतून काळाकुट्ट. ती चकती म्हणजे व्हॅरिस्टर. नेहमीच्या व्होल्टेजला ती काही करत नाही, व्होल्टेज फार चढलं की स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते, म्हणजे पुढचा बोर्ड वाचतो. शनिवारी रात्रीचा फट् तो हाच. एमसीबी पण त्याच झटक्याने पडला होता, आणि फ्यूज उडालेला असल्यामुळे नंतर वर केला तर टिकला.

चकतीवर ४७१ असं लिहिलेलं होतं. काका म्हणाले, ही ३०० व्होल्ट एसीपर्यंत सहन करणारी, तशीच लावायची. फ्यूज ३.१५ अँपिअरचा, तोही तेवढ्याचाच. काही जण फ्यूजच्या जागी तार लावून देतात आणि व्हॅरिस्टर काढूनच टाकतात, एसी चालू होतो पण पुढच्या वेळी अख्खा बोर्ड जातो, कधी आगही लागते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही बदलल्यावर थेट लाइट नाही दिली, आधी सिरीजमध्ये, म्हणजे बोर्डाकडे जाणारा करंट आधी बल्बमधून जाईल असा, शंभर वॅटचा बल्ब लावून बघितलं, बल्ब पूर्ण पेटला असता तर आत अजून शॉर्ट होता. तो क्षणभर लुकलुकला आणि विझला. साडेचारशे रुपये घेतले.

मंगळवारी संध्याकाळी इलेक्ट्रिशियननेच बोर्ड बसवला. बीप वाजली. आई दारातच उभ्या होत्या. इनडोअर लगेच, आणि तीन मिनिटांनी बाहेरून कॉम्प्रेसरची घरघर. मला रडू आलं.

एसीच्या खोक्यावर स्टॅबिलायझर-फ्री लिहिलेलं होतं म्हणून आम्ही जुना स्टॅबिलायझर काढून टाकला होता. आमच्या मॅन्युअलमध्ये त्याला मर्यादा दिलेली आहे, २८५ व्होल्टपर्यंत, ते मी आता वाचलं. म्हणून आता मेन बोर्डातच तिन्ही फेजला व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घेतला, ठरवलेल्या आकड्याच्या वर किंवा खाली गेलं की तो घराची लाइट तोडतो आणि ठीक झाल्यावर थोड्या वेळाने परत जोडतो. त्याच्यावर तिन्ही फेजचे आकडे दिसतात. ईएलसीबी होता आमच्याकडे, पण तो लीकेजसाठी, म्हणजे करंट कुठे गळत असेल तर पडण्यासाठी असतो, व्होल्टेज चढलं तर तो पडेलच असं नाही, हा माझा मोठा गैरसमज होता. सगळं मिळून मजुरीसकट एसीच्या नव्या बोर्डाच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास खर्च आला.

समोरच्या घरात परवा असेच बल्ब जाऊन राहिले होते. मी त्या काकूंना आधी टीव्ही-फ्रीजचे टॉप काढायला लावले आणि मग आमच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला, त्यांचा न्यूट्रल पोलवर ढिला निघाला. आमच्याकडे तो दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी येणार आहे, मेन बंद करून सगळे स्क्रू पुन्हा आवळायला. अ‍ॅल्युमिनियमची ती वायरही तेव्हाच बदलायची ठरली आहे.